बिडाची घडण : चिमूटभर धातूंचा इतिहास



वसंत व्याख्यानमालेत इतिहासावर बोलावयाचे म्हणजे राजे, लढाया आणि तह यांवर बोलावयाचे, असा आपला रिवाज आहे. आज मी ज्या वस्तूचा इतिहास सांगणार आहे तिचा पोवाडा कोणी रचलेला नाही. ती आपल्या घरात तव्याच्या रूपाने आहे, रस्त्यात गटाराच्या झाकणाच्या रूपाने आहे, विहिरीवर पंपाच्या रूपाने आहे आणि मालमोटारीच्या चाकात ब्रेक-ड्रमच्या रूपाने आहे. ती वस्तू म्हणजे बीड. बीड म्हणताच आपल्याला शेजारचा जिल्हा आठवेल. मी बोलणार आहे ते ओतीव लोखंडाविषयी, ज्याला फौंड्रीत ‘सी. आय.’ म्हणतात.

मी धातुशास्त्राचा पदवीधर नाही. फौंड्रीत हेल्पर म्हणून लागलो, मोल्डिंग शिकलो, आणि पुढे कामगार संघटनेच्या कामात पडलो. पुस्तके वाचली ती गरजेपोटी. आमच्या चितेगावाच्या बाजूला, पैठण रस्त्यावर, शेताच्या बांधाला कारखान्याची भिंत लागलेली आहे. एकाच घरात एक भाऊ ज्वारी पेरतो आणि दुसरा पाळीला जातो. अशा गावच्या माणसाने बिडाचा इतिहास सांगावा, यात नवल वाटू नये.

आजचे प्रश्न तीन आहेत. बिडात दुसऱ्या मूलद्रव्याची चिमूट पडली की त्याचे अंतरंग आणि गुण का बदलतात? हे माणसाला कसकसे कळत गेले? आणि जे कळले ते भट्टीजवळ उभ्या असलेल्या माणसापर्यंत पोहोचले का? तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. परंतु पहिल्या दोहोंशिवाय तो समजणार नाही.

बीड म्हणजे काय?

शुद्ध लोखंड वितळावयास १५३८ अंश सेल्सिअस उष्णता लागते. त्यात सव्वाचार टक्क्यांच्या आसपास कार्बन मुरला की तेच लोखंड ११५० अंशांच्या सुमारास वितळून पातळ होते आणि साच्याच्या कोनाकोपऱ्यांत शिरते. बिडाचा मोठेपणा यात आहे. पोलादात कार्बन थोडा, बहुधा एक टक्क्याच्याही आत. बिडात तो अडीच ते चार टक्के. म्हणून पोलाद घडविता येते आणि बीड ओतावे लागते.

आता हा रस थिजू लागला की त्यातला कार्बन जाणार कोठे? त्याला दोन वाटा आहेत. एक वाट अशी की, तो लोखंडापासून सुटा होऊन ग्रॅफाइट बनतो, म्हणजे पेन्सिलीत असते तेच. हे ग्रॅफाइट पातळ पापुद्र्यांच्या रूपाने धातूत पसरते. असे बीड फोडले तर तोंड करडे दिसते आणि बोट घासले तर काळे होते. हे करडे बीड. ते लेथवर सहज कापले जाते, हादरे पोटात घेते, दाबाला भक्कम असते. मात्र ताणले किंवा आपटले तर त्या पापुद्र्यांच्या कडेने तडकते. दुसरी वाट अशी की, कार्बन लोखंडाशीच बांधला जातो आणि सिमेंटाइट नावाचे काचेसारखे कठीण संयुग होते. असे बीड फोडले की आतून पांढरे, चकचकीत दिसते. त्यावर कानस चालत नाही, पण हातोडीच्या घावाने ते फुटते. हे पांढरे बीड.

गुळाचा पाक सावकाश निवू दिला तर त्यात दाणे धरतात आणि एकदम गार केला तर तो काचेसारखा कडक होतो, हे आपल्या घरच्या बायकांना ठाऊक आहे. बिडाचेही जवळजवळ तसेच आहे. जाड ओतीव भाग सावकाश निवतो, तो करडा होतो. पातळ कड चटकन निवते, ती पांढरी पडते.

याशिवाय आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. चिक्कीत शेंगदाणे असतात आणि त्यांना धरणारा गूळ असतो. बिडात ग्रॅफाइटला धरणारे जे लोखंड असते तेही एका जातीचे नसते. ते मऊ असले तर त्याला फेराइट म्हणतात. त्यात मऊ लोखंड आणि कठीण सिमेंटाइट यांचे चिरोट्यासारखे पदर एकाआड एक पडले तर त्याला परलाइट म्हणतात. ते अधिक बळकट आणि झिजेला टिकणारे असते. तात्पर्य, बिडात मिसळलेले कोणतेही मूलद्रव्य मुख्यतः दोन कामे करते : कार्बनला कोणत्या वाटेने आणि कोणत्या आकारात जाऊ द्यावयाचे ते ठरविते, आणि भोवतालचे लोखंड मऊ की कठीण, तेही ठरविते.

डोळ्याने कळलेले, कागदावर न आलेले

चीनमध्ये इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या सुमारास बीड ओतले जात होते. युरोपात ते मध्ययुगाच्या अखेरीस रूढ झाले. इंग्लंडात कोलब्रुकडेल येथे अब्राहम डार्बी याने १७०९ साली दगडी कोळशाच्या कोकवर लोखंड गाळून दाखविले आणि बीड स्वस्त होण्याची वाट मोकळी झाली. मात्र बीड, पोलाद आणि घडीव लोखंड यांतला मुख्य फरक कार्बनचा आहे, हे फ्रान्समधील मोंज, बर्तोले आणि वांदरमोंद या तिघांनी मांडले ते १७८६ साली. म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक काळ माणूस बीड ओतीत होता, आणि त्यात काय आहे हे त्याला सांगता येत नव्हते. तरीही तो चांगले बीड ओतीत होता. फोडलेल्या तुकड्याच्या तोंडावरून, रसाच्या रंगावरून आणि ठिणग्यांवरून तो ओळखत होता. हे ज्ञान खरे होते. फक्त त्याला नाव नव्हते.

आपल्या दख्खनची वाट निराळी होती. देवगिरीच्या किल्ल्यावरची प्रसिद्ध मेंढा तोफ आपण पाहिली असेल. ती पंचधातूची ओतीव आहे. दख्खनच्या किल्ल्यांवरील जुन्या देशी लोखंडी तोफा मात्र बहुधा पट्ट्या आणि कडी एकमेकांवर ठोकून घडविलेल्या असत. बीड वाहते करणाऱ्या मोठ्या भट्ट्या येथे नव्हत्या. पण मुशीत पोलाद करण्याची कला येथे होती, आणि ती जगात नावाजलेली होती. आपला हा भाग १९४८ पर्यंत ज्या निजामाच्या राज्यात होता, त्याच राज्यातील कोनासमुद्रम हे गाव या पोलादाच्या केंद्रांपैकी एक. या पोलादाला इंग्रज ‘वूट्झ’ म्हणत.

या वूट्झचा आणि आजच्या विषयाचा संबंध फार जवळचा आहे. पुढे विजेच्या शोधांनी अमर झालेला मायकेल फॅरडे तरुण असताना, १८१९ साली, त्याने हिंदुस्थानातून गेलेल्या वूट्झचे पृथक्करण केले. त्याच्या गुणांचे रहस्य कशात आहे, हे त्याला हवे होते. त्यासाठी स्टोडार्ट नावाच्या शस्त्रकाराच्या साहाय्याने त्याने पोलादात निकेल, क्रोमियम, चांदी, प्लॅटिनम असे नाना धातू घालून पाहिले आणि १८२० व १८२२ साली ते प्रयोग प्रसिद्ध केले. वूट्झचे रहस्य त्याच्या हाती लागले नाही. परंतु लोखंडात दुसरा धातू मोजून घालावा आणि काय होते ते लिहून ठेवावे, या पद्धतशीर अभ्यासाच्या आरंभीच्या पायऱ्यांपैकी ही एक होय. तिच्या मुळाशी हिंदी लोहाराची मूस होती, हे विसरू नये. त्या लोहारांची नावे मात्र कोणी लिहून ठेवली नाहीत.

नांगराचा फाळ

आता आपल्या शेताकडे वळू. इंग्लंडातील इप्सविच येथील रॉबर्ट रॅन्सम याने १८०३ साली नांगराच्या बिडाच्या फाळाचे एक पेटंट घेतले. फाळ ओतताना साच्याची एक बाजू वाळूची आणि दुसरी थंड लोखंडाची ठेवावयाची. थंड लोखंडाला लागलेला रस तत्काळ निवतो, तेथे पांढरे, कठीण कवच धरते. वरची बाजू करडी राहते. नांगर चालू लागला की मऊ बाजू लवकर झिजते, कठीण बाजू टिकते, आणि फाळाला आपोआप धार राहते. येथे एकही नवा धातू घातलेला नव्हता. केवळ निवण्याच्या वेगाने एकाच फाळात दोन जातींचे बीड केले होते. फौंड्रीत आपण याला ‘चिल देणे’ म्हणतो.

महाराष्ट्रात लोखंडी नांगर म्हटला की लक्ष्मणराव किर्लोस्करांचे नाव येते. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेतील नोकरी सोडून ते बेळगावास आले, त्यांनी सायकलींचे दुकान चालविले, कडबा कापण्याची यंत्रे केली, मग लोखंडी नांगर केला. शेतकरी तो घेईनात. लोखंडाने जमिनीला विष बाधते, अशी समजूत होती. पहिले मोजके नांगर खपावयास दोन वर्षे लागली. पुढे बेळगावची जागा सोडावी लागली, तेव्हा औंधच्या राजेसाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळचा माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. हरळी आणि कुंद्याने गच्च झालेली काळी जमीन ज्यांनी लाकडी नांगराने, बैलांच्या अनेक जोड्या जुंपून फोडली असेल, त्यांना या नांगराची किंमत सांगावयास नको.

पहिल्या महायुद्धाच्या काळात परदेशी लोखंड मिळेना. त्या वेळी छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावरील जुन्या तोफा नांगरांसाठी किर्लोस्करांना दिल्या, ही हकीकत महाराष्ट्रात प्रसिद्ध आहे. तोफेचा नांगर झाला, म्हणून आपण टाळ्या वाजवितो आणि पुढे जातो. फौंड्रीतल्या माणसाला मात्र येथे वेगळाच प्रश्न पडतो : तोफ कोणत्या लोखंडाची होती? घडीव लोखंडाची असेल तर त्यात कार्बन जवळजवळ नाही. क्युपोला भट्टीत इंधनाच्या सहवासाने कार्बन त्यात मुरेल; पण सिलिकॉन कोठून येणार? सिलिकॉनावाचून ते बीड पांढरे पडेल. फाळासाठी ते एक वेळ चालेल, कारण फाळाला कठीणपणाच हवा. पण तेच लोखंड पंपाच्या घरात किंवा मोटेच्या चाकात ओतले तर ते लेथवर कापलेही जाणार नाही, आणि पडले तर फुटेल. सारांश, भंगार कोणते आले यावर माल कसा होणार हे ठरते. ही गोष्ट आपण पुढे पुन्हा पाहणार आहोत.

सिलिकॉनाची किल्ली

वर सिलिकॉनाचे नाव आले. हे वाळूतले मूलद्रव्य. बिडाच्या सर्व पाहुण्यांत हा मोठा; कारण कार्बनला लोखंडापासून सोडवून ग्रॅफाइटच्या वाटेला लावण्याचे काम हाच मुख्यतः करतो.

एकोणिसाव्या शतकात फौंड्रीवाले कच्च्या लोखंडाच्या लाद्या फोडून तोंडाच्या दाण्यावरून त्यांना एक, दोन, तीन असे नंबर देत आणि अंदाजाने मिसळीत. सिलिकॉन ही अशुद्धी आहे आणि तिने बीड बिघडते, असा पुष्कळांचा समज होता. बर्मिंगहॅम येथील थॉमस टर्नर याने १८८५ साली हा समज मोजमापाने तपासला. पांढऱ्या, कठीण बिडात त्याने सिलिकॉन थोडाथोडा वाढवीत नेला आणि प्रत्येक वेळी तुकडे तोडून पाहिले. त्याला असे आढळले की, सिलिकॉन १.८ टक्क्यांच्या सुमारास असता ताणाची ताकद सर्वांत जास्त, २.५ च्या सुमारास बीड सर्वांत मऊ, आणि त्यापुढे वाढविला तर पुन्हा वाईट. अशुद्धी मानलेली वस्तू योग्य प्रमाणात औषध ठरली. यापुढे पांढऱ्या पडणाऱ्या भंगारात सिलिकॉनयुक्त लोखंड घालून चांगला माल काढता येऊ लागला.

आज फौंड्रीत कार्बनच्या टक्केवारीत सिलिकॉनचा तिसरा हिस्सा मिळवून हिशेब करतात. म्हणजे तीन भाग सिलिकॉनचा परिणाम एका भाग कार्बनइतका धरावयाचा. हा आकडा ४.३ च्या जवळ असला की रस चांगला वाहतो आणि बीड मऊ राहते. खाली आला की ताकद वाढते, पण पातळ कडा पांढऱ्या पडण्याची भीतीही वाढते. ओतणाऱ्याला या दोहोंच्या मधून वाट काढावी लागते.

इतर पाहुणे

गंधक कोकमधून येतो आणि कार्बनला सिमेंटाइटच्या वाटेला ढकलतो. त्याला आवरण्यासाठी मँगनीज लागते. मँगनीज गंधकाला आपल्याशी बांधून घेते. म्हणून गंधकाच्या १.७ पट आणि वर ०.३ टक्का इतके मँगनीज असावे, असा फौंड्रीचा नेम आहे. फॉस्फरसाने रस पातळ होतो, नक्षीकामाच्या जाळ्या आणि कठडे सुबक उठतात. पण तो ठिसूळपणा आणतो, म्हणून यंत्राच्या भागात त्याला आखडता हात.

क्रोमियम हा सिलिकॉनाच्या उलट स्वभावाचा. तो कार्बनला लोखंडाशी बांधून ठेवतो, चिरोट्याचे पदर घट्ट करतो, झीज आणि उष्णता यांना टिकाव देतो. इंजिनाच्या लायनरमध्ये किंवा ब्रेक-ड्रममध्ये तो पाव-अर्धा टक्का असला तर गुणाचा; पातळ कडेच्या झाकणात तेवढाच आला तर घात. निकेल सौम्य प्रकृतीचे : ते सिलिकॉनाप्रमाणे ग्रॅफाइटला मदत करते, मात्र तिसऱ्या हिश्शाच्या जोराने, आणि त्याच वेळी भोवतालचे लोखंड बळकट करते. म्हणून क्रोमियमबरोबर निकेल घालून एकाचा दोष दुसऱ्याने झाकण्याची युक्ती रूढ झाली. तांबेही काहीसे तसेच वागते, आणि स्वस्त पडते. मॉलिब्डेनम थोडेसे घातले तरी ताकद वाढते.

पाहुण्यांचे प्रमाण वाढविले तर बिडाची जातच बदलते. सुमारे ४ टक्के निकेल आणि २ टक्के क्रोमियम घातले की ‘नाय-हार्ड’ हे पांढरे बीड होते. औष्णिक वीज केंद्रात दगडी कोळसा दळण्यासाठी आणि खाणीत दगड भरडण्यासाठी त्याच्या जातीचे बीड वापरतात. साध्या करड्या बिडाची कठीणता ब्रिनेल मापाने दोनशेच्या आसपास असते. याची साडेपाचशेच्या वर जाते. सिलिकॉन १४-१५ टक्क्यांवर नेला तर बीड आम्लाला दाद देत नाही, मात्र ते काचेसारखे जपावे लागते. उलट उसाच्या चरकाचा रोल मुद्दाम भरड दाण्याच्या करड्या बिडाचा करतात. त्याचा पृष्ठभाग खरबरीत राहतो आणि उसाला पकड मिळते. वस्तू पाहून बीड निवडावे लागते. सर्व कामांना उत्तम असे बीड अस्तित्वात नाही.

ही विद्या महाराष्ट्रात पुस्तकांपेक्षा हाताने पसरली. कोल्हापूरचे शिवाजी उद्यमनगर, पुढे शिरोली आणि गोकुळ शिरगाव. तेथील ऑइल इंजिने, पंप आणि मोटारीचे सुटे भाग यांवर मोल्डरांच्या पिढ्या घडल्या. त्यांतले पुष्कळ जण पुढे पुणे, अहमदनगर आणि आपल्या वाळूजपर्यंत आले. आमच्या पिढीला साचा धरावयास शिकविणारे मिस्त्री बहुधा पश्चिमेकडून आलेले. फोडलेल्या तुकड्याचे तोंड पाहून, “सिलिकॉन कमी आहे रे,” असे सांगणारी ती माणसे टर्नरचे नाव जाणत नव्हती. टर्नरने जे मोजले ते त्यांना नजरेने दिसत होते.

युद्धातली टंचाई आणि मॅग्नेशियम

बिडाच्या इतिहासातली सर्वांत मोठी उडी टंचाईतून आली. दुसऱ्या महायुद्धात क्रोमियमचा तुटवडा पडला. अमेरिकेत निकेलच्या एका मोठ्या कंपनीच्या प्रयोगशाळेत कीथ मिलिस हा नाय-हार्डमध्ये क्रोमियमऐवजी दुसरे काय घालता येईल, याचे प्रयोग करीत होता. १९४३ साली त्याने मॅग्नेशियम घालून पाहिले. पुढील प्रयोगांत दिसले की, मॅग्नेशियम घातलेल्या बिडात ग्रॅफाइट पापुद्र्यांच्या रूपात न येता गोळ्यांच्या रूपात आले होते. इंग्लंडात मॉरो याने सीरियम वापरून असेच गोळे मिळविले. १९४८ साली फिलाडेल्फियाच्या फौंड्री परिषदेत हे दोन्ही शोध जगापुढे आले.

पापुद्रा आणि गोळी यांत एवढा फरक का पडावा? पापुद्र्याच्या टोकदार कडेशी ताण एकवटतो आणि तेथून तडा जातो. गोळीला टोक नाही, म्हणून तडा सुरू होण्यास जागा नाही. साधे करडे बीड ताणले तर एक टक्काही न लांबता तुटते. गोळ्यांचे बीड योग्य जातीचे असेल तर पंधरा-अठरा टक्के लांबते. फौंड्रीत याला ‘एस. जी.’ म्हणतात. यासाठी मॅग्नेशियम किती राहावे लागते? शंभर भागांत सुमारे ०.०४ भाग, एका टनात चारशे ग्रॅम! तेही टिकवून धरणे कठीण. कारण मॅग्नेशियम ११०० अंशांच्या सुमारास उकळते आणि बिडाचा रस असतो १४०० अंशांवर. लेडलमध्ये डोळे दिपविणारा प्रकाश आणि पांढरा धूर उठतो. त्यानंतर काही मिनिटांत साचे भरले नाहीत तर परिणाम ओसरतो आणि पापुद्रे परत येतात. गंधक जास्त असेल तर मॅग्नेशियम त्यातच खर्ची पडते.

मलिक अंबरने सतराव्या शतकात या नगरात नहरीचे पाणी खापराच्या नळांतून खेळविले. पुढील काळात जगभर नगरांचे पाणी बिडाच्या नळांतून वाहू लागले, आणि आता ‘डी. आय.’ नावाचे नळ दिसतात ते याच गोळ्यांच्या बिडाचे. नाथसागराचे पाणी पैठण रस्त्याने चितेगावाच्या अंगावरून शहरात जाते. पाण्याचा नळ फुटला की आपण महानगरपालिकेला बोल लावतो. नळाच्या पोटात पापुद्रे आहेत की गोळ्या, हेही आता विचारावे.

कळलेले कोणाचे?

आता तिसरा प्रश्न. त्यासाठी एक घडलेली हकीकत सांगतो. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही.

वीसएक वर्षांपूर्वी एका ओतशाळेत पातळ कडेची झाकणे ओतली जात. एका महिन्यात मशीनशॉपमध्ये टूल मोडू लागली आणि माल परत येऊ लागला. व्यवस्थापनाने निदान केले : मोल्डरांनी वाळू ओली ठेवली, म्हणून कडा कडक झाल्या. मोल्डरांचा इन्सेंटिव्ह कापला गेला. ओल्या वाळूने कड पांढरी पडते, हे खोटे नाही. म्हणूनच तो आरोप पटण्यासारखा होता. पण आम्ही संघटनेच्या वतीने एवढेच म्हटले की, टाकाऊ झाकणे आमच्यासमोर फोडा. तिन्ही पाळ्यांची, वेगवेगळ्या मोल्डरांची झाकणे फोडली. सगळ्यांच्या कडा सारख्याच पांढऱ्या. वाळूचा दोष असता तर तो काही साच्यांत दिसला असता, सर्व पाळ्यांत आणि सर्व हातांत एकसारखा दिसला नसता. दोष रसातच असला पाहिजे. मग प्रयोगशाळेची वही मागितली. पहिल्यांदा नकार मिळाला, दोन आठवड्यांनी वही आली. सिलिकॉन उतरला होता आणि क्रोमियम ०.३ टक्क्यांवर गेले होते. भंगाराचा नवा, स्वस्त लॉट आला होता, त्यात मिश्रपोलादाचे तुकडे होते. एका टनात तीन किलो क्रोमियम. तेवढ्या तीन किलोंनी तीस-चाळीस घरांचा महिन्याचा हिशेब बिघडविला होता.

दोन महिन्यांची कपात परत मिळाली. सगळी मिळाली नाही. मात्र एक गोष्ट पदरात पडली. भट्टीजवळ फळा लागला. प्रत्येक हीटचे पृथक्करण त्यावर लिहावयाचे, आणि ओतण्याआधी पाचरीच्या आकाराचा नमुना ओतून, फोडून, त्याचे तोंड सर्वांना दिसेल असे ठेवावयाचे. पाचरीच्या टोकाशी पांढरा भाग किती आला, यावरून रस कसा आहे हे निरक्षर माणसालाही कळते. त्यानंतर टाकाऊ माल कमी झाला, हे व्यवस्थापनानेही मान्य केले.

या गोष्टीचे महत्त्व आज वाढले आहे. क्युपोलाच्या जागी पुष्कळ ठिकाणी विजेच्या इंडक्शन भट्ट्या आल्या. त्यांत पोलादाचे भंगार वितळवितात आणि कार्बन, फेरो-सिलिकॉन वरून मोजून घालतात. भंगार हीच आता आपली खाण, आणि या खाणीत मोटारीचे पत्रे, स्प्रिंगा, शाफ्ट, अशा नाना मिश्रपोलादांचे तुकडे एकत्र येतात. स्पेक्ट्रोमीटरचे यंत्र घटकांचे आकडे मिनिटाभरात देते. आकडे मिळतात हे चांगलेच. प्रश्न इतकाच की, ते कोणाच्या टेबलावर पडून राहतात.

आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. ज्या सिलिकॉनाने बीड मऊ होते, त्याचीच ऑक्सिजनशी जडलेली बारीक धूळ वाळूतून उठते आणि मोल्डर व फेटलर यांच्या फुफ्फुसांत बसते. तेथे ती मऊपणा आणीत नाही. फुफ्फुस दगडासारखे करते. त्या रोगाला सिलिकोसिस म्हणतात. १९४८ च्या कारखाने कायद्यात तो नोंद करण्याच्या रोगांच्या यादीत होता. तरी पुष्कळ कागदांवर तो क्षय किंवा दमा म्हणून नोंदला जातो, आणि नुकसानभरपाईचा हक्क त्या एका शब्दापायी बुडतो. बिडात काय मिसळले आहे हे जसे मोजता येते, तसे कामगाराच्या छातीत काय साचले आहे हेही मोजता येते. त्यासाठी छातीचा फोटो काढावा लागतो, आणि त्यावर खरा शब्द लिहावा लागतो.

बंधुभगिनींनो, बिडाचा हा इतिहास पाहिला तर एक गोष्ट स्पष्ट दिसते. वूट्झ करणाऱ्या लोहाराचे ज्ञान त्याच्या मुशीबरोबर बुडाले, कारण ते त्याच्यापाशीच राहिले आणि लिहिले गेले नाही. टर्नरचे ज्ञान टिकले, कारण ते छापले गेले आणि ज्याला हवे त्याला मिळाले. आज ज्ञान छापलेले आहे, यंत्रेही आहेत. परंतु भट्टी आणि प्रयोगशाळा यांच्या मधले दार पुष्कळ ठिकाणी बंद आहे. ते उघडले तर मालकाचा टाकाऊ माल कमी होईल आणि कामगाराच्या माथी नाहक दोष येणार नाही.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. जे कारखानदार येथे असतील त्यांनी भट्टीजवळ एक फळा लावावा. त्याला खर्च फार येत नाही. आणि ज्यांची मुले फौंड्रीत जातात त्यांनी मुलांना विचारावे, “आजच्या हीटला सिलिकॉन किती होता?” मुलाला उत्तर देता आले तर तो पगारापलीकडचे काहीतरी शिकत आहे असे समजावे. नाही देता आले, तर दुसऱ्या दिवशी ते विचारण्याचा त्याचा हक्क आहे, हे त्याला सांगावे.